ओतरीव्हचा टपालवाला आणि त्याचा महाल

वाचकहो, फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस उभे राहते, आयफेल मनोरा उभा राहतो, फार तर नेपोलियन घोड्यावरून जाताना दिसतो. पण हा देश मुळात खेड्यांचा आहे. तिथे आजही सुमारे ३५,००० कम्यून आहेत. कम्यून म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळपास जाणारी संस्था. १७८९ च्या राज्यक्रांतीने ती व्यवस्था लावून दिली. लाखो वस्तीचे शहर असो की शंभर उंबऱ्यांचे गाव असो, दोघांनाही कायद्याने हेच एक नाव. प्रत्येकाला निवडून दिलेले मंडळ, त्याचा प्रमुख मेयर, आणि गावच्या चौकात त्याची कचेरी.

यातले एखादे गाव उचलून पाहावे तर बहुतेक ठिकाणी चित्र सारखेच दिसते. जुने चर्च, बायकांनी धुणे धुवायची सार्वजनिक छपरी, कुठे गावकीची पाव भाजायची भट्टी, टेकडीवर एखाद्या सरदाराच्या गढीचे पडके बुरूज, आणि १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात पडलेल्या गावकऱ्यांची नावे कोरलेला दगड. हा त्या गावाचा वारसा. आज ज्या गावाची हकीकत सांगायची आहे, त्याचा वारसा मात्र कुण्या सरदाराने ठेवलेला नाही, धर्मगुरूने नाही, सरकारनेही नाही. तो ठेवला आहे गावात टपाल वाटणाऱ्या माणसाने.

गावाचे नाव ओतरीव्ह. आग्नेय फ्रान्समध्ये, लियाँ शहराच्या दक्षिणेला ड्रोम नावाचा जिल्हा आहे. तिथल्या गालोर नदीच्या खोऱ्यात हे गाव वसले आहे. नावाचा अर्थ ‘उंच काठ’. वस्ती दोन हजारांच्या घरात. भोवती लहान लहान टेकड्या, शेते, झाडी आणि दूर दूर विखुरलेल्या वाड्या. या वाड्यांचे विखुरलेले असणे लक्षात ठेवा, कारण आपल्या माणसाचे सारे आयुष्य त्यांच्यामधल्या वाटा तुडवण्यात गेले.

त्याचे नाव फेर्दिनाँ शव्हाल. फ्रेंच भाषेत ‘शव्हाल’ म्हणजे घोडा. जन्मभर ओझी वाहणाऱ्या माणसाला असे आडनाव मिळावे, हा योगायोगच म्हणायचा! तो जन्मला १९ एप्रिल १८३६ रोजी, शार्म-सुर-लेर्बास नावाच्या जवळच्याच एका गावी, शेतकऱ्याच्या घरी. अकरा वर्षांचा असताना आई गेली, अठराव्या वर्षी वडील गेले. शाळा लहानपणीच सुटली. तेराव्या वर्षी तो पाववाल्याच्या भट्टीवर उमेदवारीला लागला. फ्रान्समध्ये मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण आले ते १८८१-८२ च्या कायद्यांनी, तेव्हा शव्हाल पंचेचाळिशीत पोचला होता. त्याच्या हातची पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतले शुद्धलेखन पाहून शिक्षकांनी लाल शाई संपवावी, असे ते आहे. जसे कानाला ऐकू येई तसे तो लिही. पण मजकूर मात्र अगदी स्वच्छ. काय सांगायचे आहे ते त्याला पक्के ठाऊक असे.

काही वर्षे पाव भाजून, काही वर्षे शेतावर राबून १८६७ साली तो टपालखात्यात शिरला आणि १८६९ पासून ओतरीव्हच्या कचेरीत रुजू झाला. खेड्यापाड्यांत घरपोच टपाल पोचवायची सोय फ्रान्समध्ये १८३० पासून सुरू झाली होती आणि ती सारी पायी चालणाऱ्यांच्या जिवावर उभी होती. शव्हालच्या वाट्याला आलेली फेरी रोजची सुमारे ३२ किलोमीटरची, म्हणजे वीस मैलांची. ऊन असो, बर्फ पडो, चिखल असो, पिशवी खांद्यावर टाकून निघायचे, वाड्यावाड्यांवर जायचे आणि संध्याकाळी परतायचे. वाट तीच, झाडे तीच, माणसे तीच.

आता असा माणूस वाटेत करील तरी काय? तो स्वतःच पुढे लिहितो की, त्याच त्या देखाव्यातून रोज चालताना स्वप्ने पाहण्यावाचून दुसरे काही करण्यासारखे नव्हते. मग तो मनातल्या मनात एक महाल बांधू लागला. त्याला गुहा होत्या, मनोरे होते, बागा होत्या, पुतळे होते. हे त्याने कुणाला सांगितले नाही. लोक हसतील याची भीती होती, आणि आपले आपल्यालाही ते हसण्यासारखेच वाटत होते. काही वर्षांनी स्वप्न विरत चालले.

तेवढ्यात १८७९ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, चालता चालता त्याचा पाय एका दगडाला अडखळला. पडता पडता तो सावरला. कशाला ठेचाळलो म्हणून त्याने खाली वाकून पाहिले, तर दगड मोठा चमत्कारिक आकाराचा निघाला. त्याने तो खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी गेला, तर आणखी सुंदर दगड सापडले. त्याने मनाशी म्हटले, निसर्ग जर शिल्पकाम करतो आहे, तर गवंडीकाम आपण करू.

शिक्षक मंडळींनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही सगळी कथा आपल्याला ठाऊक आहे ती खुद्द शव्हालच्या तोंडून. १८९७ साली, म्हणजे घटनेनंतर अठरा वर्षांनी, त्याने जिल्ह्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख आंद्रे लाक्र्वा यांना पत्र लिहून आपली हकीकत कळवली. त्या पत्रात हे सारे आहे. दगडाला ठेच लागली त्या दिवशी सोबत दुसरे कुणी नव्हते. तेव्हा साक्षीदार एकच, आणि तोही कथेचा नायक! असा पुरावा इतिहासात कसा वाचायचा? मला वाटते, तो खोटा धरायचे कारण नाही, पण त्यातला क्रम नीट पाहावा. आधी अनेक वर्षांचे स्वप्न आहे, मग दगड आहे. नुसत्या दगडाने माणूस जागा होत नाही. ठेचा तर त्या वाटेवर किती जणांना लागल्या असतील.

पण दगडांनाही त्यांचे श्रेय द्यायला हवे. फार प्राचीन काळी, माणूस जन्मण्याच्याही कितीतरी आधी, या भागावर समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या वाळूचा आणि शिंपल्यांचा पुढे मऊसर वालुकाश्म झाला. पाण्याने तो झिजतो, कोरला जातो, त्याला भोके पडतात, गाठी येतात. कुठे प्राण्याचे डोके दिसते, कुठे माणसाचा चेहरा. नांगराला हे दगड आडवे येत म्हणून शेतकरी ते बांधावर फेकून देत. शव्हालने वेचले ते हेच दगड. म्हणजे महालाचे सामान गावच्या मातीतलेच होते, आणि त्याला किंमत काही द्यावी लागली नाही. विकत आणावा लागला तो चुना, सिमेंट आणि लोखंड.

सुरुवातीला तो दगड खिशात भरून आणी. खिसे फाटू लागले. बायको रोज शिवून वैतागली असे सांगतात, आणि वैतागली नसती तरच नवल! मग तो टोपली घेऊन जाऊ लागला. तीही पुरेना, तेव्हा एकचाकी ढकलगाडी आली. दिवसा टपाल वाटताना नजरेला आलेले दगड तो वाटेच्या कडेला ढीग करून ठेवी. संध्याकाळी वीस मैलांची फेरी संपली की ढकलगाडी घेऊन पुन्हा त्याच वाटेने कित्येक किलोमीटर जाई आणि ढीग भरून आणी. रात्री दिव्याच्या उजेडात बांधकाम चाले. त्याने यापूर्वी हातात कधी थापी धरलेली नव्हती. नकाशा नाही, मिस्त्री नाही, मजूर नाही. पाव मळलेल्या हातांनी तो चुना मळू लागला. त्याच्या कामातली फुले, पाने, वेलबुट्टी पाहताना मला तरी पीठ वळणाऱ्या बोटांची आठवण होते.

गावाने काय म्हटले, ते तुम्ही ओळखलेच असेल. बिचारा वेडा झाला, परसात धोंडे भरतो आहे, असे लोक म्हणत. हे वेड अंगावर येणारे नव्हते, कुणाला त्रास देणारे नव्हते, म्हणून चालू दिले इतकेच. ही बोलणी शव्हालच्या कानांवर येत आणि त्याने ती नोंदवूनही ठेवली आहेत. गावकऱ्यांना आज आपण नावे ठेवू नयेत. हातातोंडाची गाठ घालायची मारामार असलेल्या खेड्यात एक सरकारी नोकर आपला पगार चुन्यात कालवतो आहे आणि रात्रभर दगड रचतो आहे, हे पाहून तुम्ही आम्ही तरी काय बोललो असतो?

घरातली हकीकतही काही सुखाची नाही. पहिल्या बायकोपासूनचा पहिला मुलगा तान्हेपणीच गेला होता. १८७३ साली ती बायकोही वारली. सिरील नावाचा मुलगा राहिला. १८७८ साली त्याने दुसरे लग्न केले. पुढच्या वर्षी, म्हणजे महालाचा पहिला दगड सापडला त्याच वर्षी, मुलगी झाली. तिचे नाव आलीस. महाल आणि मुलगी बरोबरीने वाढत होती. १८९४ साली, पंधराव्या वर्षी, आलीस गेली. शव्हालने महालाशेजारी राहण्यासाठी एक घर बांधले, त्याला तिचे नाव दिले आणि पुन्हा कामाला लागला. १८९६ साली तो टपालखात्यातून निवृत्त झाला. त्यानंतर सगळा दिवस त्याचा होता.

आता महालात शिरू या. लांबी २६ मीटर, म्हणजे सुमारे ८५ फूट. रुंदी एका बाजूला १४ मीटर, दुसऱ्या बाजूला १२. उंची १० मीटरांच्या आसपास. पूर्वेची बाजू आधी झाली आणि तिलाच वीस वर्षे लागली. पहिल्यांदा त्याने एक कारंजे केले, त्याला ‘जीवनाचा झरा’ म्हटले. मग दुसरे, ‘शहाणपणाचा झरा’. मग गुहा, मग मंदिरे. कुठे थांबायचे हे ठरलेलेच नव्हते. एक भाग संपला की त्याला लागून दुसरा सुचे.

या बाजूला तीन महाकाय पुतळे आहेत. एक रोमचा सेनापती जूलियस सीझर. दुसरा व्हेर्सेंजेतोरिक्स, म्हणजे फ्रान्सच्या प्राचीन गॉल लोकांचा पुढारी. सीझरने त्याचा इसवी सनापूर्वी ५२ साली पराभव केला. तिसरा ग्रीक गणिती आर्किमिडीज. तोही रोमन शिपायाच्या हातूनच मेला. म्हणजे जेता आणि त्याच्या राष्ट्राने मारलेले दोघे एकाच रांगेत उभे आहेत आणि मिळून वरचा मनोरा तोलून धरत आहेत. त्यांच्या मधे वेलेदा आणि इनीझ या दोन स्त्रिया. इतिहासाची ही मांडणी कोणत्या पुस्तकातली नव्हे. गावच्या माणसाने कुठे कुठे वाचलेली नावे आपल्या मनाने एकत्र बसवली आहेत. पुतळ्यांचे हातपाय प्रमाणात नाहीत, चेहरे तर लहान मुलाने काढल्यासारखे. सुंदर आहेत का, असे विचाराल तर मी चटकन ‘हो’ म्हणणार नाही. पण त्यांच्यावरून नजर हटत नाही हे खरे.

आत सुमारे वीस मीटरांचा एक बोळ आहे. त्याच्या भिंतींवर आणि छतावर प्राणी, पक्षी, झाडे, माणसे दाटीने बसवली आहेत. शिंपले आणि गोगलगाईंची कवचे गोल गोल लावून नक्षी केली आहे. जिकडे तिकडे अक्षरे कोरलेली आहेत. कष्टाविषयी, चिकाटीविषयी, शेतकऱ्याच्या मुलाविषयी छोटी छोटी वाक्ये. एका कोनाड्यात त्याने आपली हत्यारे ठेवली आणि ती ढकलगाडीही ठेवली. तिच्या शेजारचा मजकूर तर गाडीच बोलते आहे अशा थाटाचा आहे. आपण या माणसाच्या कष्टांची सोबतीण होतो, आता आपल्याला मानाची जागा मिळाली, असे ती सांगते. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारे पुजतात, पोळ्याला बैल पुजतात. त्या शेतकऱ्याच्या पोरालाही गाडीचे उपकार असेच फेडावेसे वाटले. ज्या दगडाला पहिली ठेच लागली, तोही महालावर मांडून ठेवला आहे.

पश्चिमेची बाजू मात्र आपल्याला जास्त जवळची वाटेल. तिथे ओळीने छोट्या छोट्या इमारती आहेत. एक मशीद, स्वित्झर्लंडमधले लाकडी घर, अल्जिअर्सची एक चौकोनी हवेली, मध्ययुगातली एक गढी, आणि या सगळ्यांच्या पंक्तीला, बरं का मंडळी, एक हिंदू मंदिर! शव्हाल हिंदुस्थानात कधी आला नव्हता. त्याची कल्पना जुळली ती चित्रांवरून. त्या काळी फ्रान्समध्ये देशोदेशींच्या वास्तूंची चित्रे छापणारी मासिके निघत. टपालवाल्याच्या पिशवीतून ती जात. पुढे चित्रांची पोस्टकार्डे आली, ती तर उघडीच असत. इतरांचे टपाल वाहता वाहता या माणसाने घरबसल्या जग पाहिले. ते मंदिर काशीचे की दक्षिणेकडचे, असा शोध करू नये. ते कुठलेच नव्हे. ओतरीव्हच्या वाटेवर चालताना एका माणसाला हिंदुस्थान कसा दिसला, तेवढेच त्यात आहे. पण मशीद, मंदिर आणि गढी एकाच भिंतीला टेकून बसवावी असे त्याला वाटले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याच काळात फ्रान्स आशिया-आफ्रिकेत वसाहती वाढवीत होता. खेड्यातल्या या माणसाने परक्यांच्या देवळांना आपल्या परसात मानाने जागा दिली.

१९१२ साली काम पुरे झाले. त्याने भिंतीवर हिशेब कोरून ठेवला आहे. दहा हजार दिवस, त्र्याण्णव हजार तास, तेहतीस वर्षांची तपश्चर्या, आणि हे सारे एका माणसाचे काम. शिक्षकांनी हे गणित वर्गात घालून पाहावे. त्र्याण्णव हजारांना दहा हजारांनी भागले की दिवसाला नऊ तासांहून जास्त येतात. वीस मैल चालून आल्यावर रोज नऊ तास बांधकाम कसे जमले असेल? निवृत्तीनंतरचे मोठे दिवस धरले तरी हिशेब थोडा सैलच असावा. पण तेहतीस वर्षे खरी आहेत, महाल खरा आहे, आणि मजूर दुसरा कुणी नव्हता हेही खरे आहे. तेवढ्यावर त्याला दोन-चार हजार तास माफ करायला हरकत नाही.

‘आदर्श महाल’ हे नाव त्याचे स्वतःचे नव्हे. एमिल रू-पारासाक नावाच्या कवीने १९०४ साली या वास्तूवर एक कविता केली, तिच्यातून ते नाव आले. तोवर पाहुणे येऊ लागले होते. वर्तमानपत्रांत लेख आले, महालाची पोस्टकार्डे निघाली. ज्याने जन्मभर दुसऱ्यांची कार्डे वाटली, त्याच्या घराचे चित्र आता टपालाने फिरू लागले. गावातल्या हसण्याचा सूरही बदलत गेला असणार. वेड्याकडे परगावची माणसे पैसे देऊन येऊ लागली की त्याला कुणी वेडा म्हणत नाही.

महाल पुरा झाला त्याच वर्षी मुलगा सिरीलही गेला. शव्हाल सत्तरी ओलांडून गेला होता. त्याची एकच इच्छा होती की, मेल्यावर आपल्याला या महालातच पुरावे. त्यासाठी त्याने आत जागाही करून ठेवली होती. मिसरच्या राजांची थडगी त्याने चित्रांत पाहिली असणार. पण परवानगी मिळाली नाही. दफन व्हायचे ते गावच्या दफनभूमीत, घरात नाही. अधिकाऱ्यांचा हा निर्णय कायद्याला धरून असेल, पण तेहतीस वर्षे राबलेल्या माणसाला तो कसा लागला असेल!

मग त्याने काय करावे? भांडला नाही. ढकलगाडी पुन्हा बाहेर काढली. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर! सरळ दफनभूमीतच जागा घेतली आणि १९१४ सालापासून तिथे आपली समाधी बांधू लागला. महालापासून दफनभूमी सुमारे एक किलोमीटर. तीच गाडी, तसेच दगड, तोच चुना. बाहेर महायुद्ध सुरू होते, खेड्याखेड्यांतून तरुण आघाडीवर जात होते आणि परत येत नव्हते. हा म्हातारा आपल्या थडग्याची वेलबुट्टी वळत होता. आठ वर्षांनी, १९२२ साली, काम संपले. ‘शांततेची आणि अखंड विश्रांतीची समाधी’ असे त्याने तिला नाव दिले. १९ ऑगस्ट १९२४ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो वारला आणि तिथेच पुरला गेला.

इथपर्यंत ही एका माणसाची गोष्ट झाली. गावाच्या वारशाचा प्रश्न यापुढे उभा राहतो. मालकाच्या मागे अशा वास्तूचे काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पाणी मुरते, आतले लोखंड गंजते, शेवाळ चढते, पोपडे पडतात. दहा-वीस वर्षांत परसात पुन्हा धोंडे उरतात. वाचवायचे तर सरकारी दर्जा पाहिजे. फ्रान्समध्ये ऐतिहासिक वास्तू जपण्याचे खाते जुने आहे. १८३० साली त्यासाठी तपासनीस नेमण्याची पद्धत सुरू झाली आणि १८४० साली पहिली यादी निघाली. यादीत जुनी चर्चे, रोमन अवशेष, राजवाडे. म्हणजे सत्ता आणि धर्म यांनी उभारलेल्या वास्तू. टपालवाल्याच्या परसातले बांधकाम या यादीत कोणत्या रकान्यात घालायचे?

पॅरिसच्या चित्रकारांना आणि कवींना मात्र त्याचे मोल आधी कळले. आंद्रे ब्रेताँ या कवीने तिथे भेट दिली आणि शव्हालवर कविता केली. माक्स एर्न्स्टने १९३२ साली त्याच्या नावाचे चित्र केले. पिकासोने १९३७ साली महाल पाहिला आणि त्यावर रेखाटने केली. ज्यांना मनातली स्वप्ने कॅनव्हासवर उतरवायची होती, त्यांनी इथे पाहिले की एका माणसाने ती आधीच दगडात उतरवून ठेवली आहेत. तीही कुणाचा वाद न ऐकता, कुठला जाहीरनामा न काढता.

संरक्षणाचा प्रस्ताव गेला तेव्हा सांस्कृतिक खात्यातल्या अधिकाऱ्यांचा अभिप्राय फार वाईट आला. हे सगळे किळसवाणे आहे, एका गावंढळाच्या डोक्यातला हा गोंधळ आहे, अशा आशयाचे शेरे त्यात होते. ‘गावंढळ’ या शब्दावर मला थोडे थांबावेसे वाटते. हाच महाल एखाद्या सरदाराने हौसेखातर बांधून घेतला असता, तर त्याला कल्पनाविलास म्हटले गेले असते. बांधणारा टपालवाला होता म्हणून तो गोंधळ ठरला. वास्तूचा न्याय करताना हात वास्तूपेक्षा तिच्या मालकाच्या आडनावावर आधी जातो, तो असा.

त्या वेळी सांस्कृतिक मंत्री होते आंद्रे मालरो. ते स्वतः कादंबरीकार आणि कलेचे जाणकार. त्यांनी खात्याचे मत मानले नाही आणि महालाची बाजू लावून धरली. १९६९ च्या जूनमध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्याच वर्षी सप्टेंबरात महालाला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. भोळ्या, अशिक्षित हातांनी घडवलेली अशी वास्तू जगात ही एकच, असे मालरोंचे म्हणणे होते. त्यांना ठाऊक नसावे की त्याच सुमारास आपल्याकडे चंडीगडच्या रानात नेक चंद नावाचे एक रस्ते-निरीक्षक सरकारी जमिनीवर चोरून, फुटक्या बांगड्या आणि चिनीमातीचे तुकडे वापरून एक अख्खे नगर वसवीत होते. ते १९७६ साली लोकांना खुले झाले. असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. दफनभूमीतल्या समाधीलाही १९७५ साली सरकारी संरक्षण मिळाले. १९८४ साली फ्रान्सच्या टपालखात्याने महालाचे चित्र असलेले तिकीट काढले. १९९४ पासून महाल ओतरीव्ह कम्यूनच्या मालकीचा आहे, म्हणजे एके काळी हसणाऱ्या गावाचाच. २०१८ साली शव्हालच्या आयुष्यावर एक फ्रेंच चित्रपट निघाला. दोन हजार वस्तीच्या या खेड्यात आज वर्षाकाठी दोन लाखांच्या वर माणसे महाल पाहायला येतात. गावातल्या खाणावळी, दुकाने, कित्येक घरचे पोट त्यावर चालते. डागडुजी मात्र सतत करावी लागते. शव्हाल शिकलेला गवंडी नव्हता. चुना, सिमेंट आणि लोखंड यांचे त्याने घातलेले मिश्रण त्याचे त्यालाच ठाऊक. दुरुस्ती करणाऱ्या आजच्या कारागिरांना आधी त्याचा हात शिकावा लागतो, मगच थापी उचलता येते.

पाहुण्यांपैकी बहुतेक जण महाल पाहून परततात. दफनभूमीपर्यंत चालत जाणारे थोडे. वाट फक्त एक किलोमीटरची आहे, आणि शेवटली आठ वर्षे शव्हाल ढकलगाडी घेऊन महालाकडून दफनभूमीकडे जात असे.